टॉर्चला मिक्सरचा स्विच : नऊ महिने वापरून

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात जो घालायचा त्याला सेल. पुढे घोळ नको म्हणून आधीच सांगितलं. नारायणगावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी, मोनोब्लॉक, कुट्टी मशीनच्या मोटारी, आणि मधल्या वेळेत मिक्सर-पंखे. ही बॅटरी पहिल्यांदा स्वतःसाठी बनवली, मग भावासाठी, आणि आता गिऱ्हाइकं मागतात म्हणून अकरावी टेबलावर आहे. एलईडी, सेल, पाइप यांनी फारसा त्रास दिला नाही. डोकं खाल्लं ते स्विचनं. चार प्रकार लावून बघितले, तीन काढून टाकले. त्या चारांचा हा हिशेब.

शेतीची थ्री फेज लाइट आमच्याकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत लाइट आली की स्टार्टर दाबायला जावं लागतं आणि वाट उसाच्या कडेनं. जुन्नर तालुक्यात रात्री उसाच्या कडेनं चालणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच नाही. सरीत लांबवर टाकायला जोरदार उजेड हवा. तोच उजेड स्टार्टरच्या पेटीत मारला तर पांढऱ्या पत्र्यावरून उलटा डोळ्यांत येतो, फ्यूज दिसत नाही, आणि मागं वळलं की दोन मिनिटं ठार आंधळं. म्हणजे एकाच बॅटरीत तीन उजेड पाहिजेत, आणि आता कोणता लागणार हे डोळ्यांच्या आधी बोटाला कळलं पाहिजे.

बाजारच्या बॅटऱ्यांना मागं एकच दाबायचं बटण असतं. एकदा दाबलं मोठा, दुसऱ्यांदा बारीक, तिसऱ्यांदा लुकलुक. बारीकवरून मोठ्यावर यायचं तर लुकलुक ओलांडून यावं लागतं. ती लुकलुक कुणाला हवी असते ते मला अजून कळलेलं नाही. वरातीला असेल कदाचित.

आत काय आहे ते थोडक्यात. १८६५० चा एक लिथियम सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, उतरत उतरत ३ च्या आसपास संपतो. (सेल घेताना त्यावर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलचा आकडा ३५०० च्या आसपास असतो. मी २६०० चे वापरतो.) ३ वॅटचा पांढरा एलईडी. तो बारीक उजेडाला २.७ व्होल्ट घेतो, जोरात ३.३ च्या पुढं जातो. सेल आणि एलईडी यांच्यामधले जे व्होल्ट उरतात ते जिरवायला रेझिस्टन्स. पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा, तो जाडजूड डबा, एक नंबरवर ठेवला की तापून निघायचा. आत गुंडाळलेली तार, तिला जागोजाग टॅपिंग, बाहेर फिरता स्विच. माझी बॅटरी म्हणजे तोच रेग्युलेटर. फरक एवढाच की इथं मोठ्या उजेडावर जिरवायला जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट असतो, म्हणून डबा तापत नाही.

पहिल्यांदा मी सरळ हिशेब केला होता. २००, ४०० आणि ६०० मिलीअँपिअर. अंगणात उभं राहून फिरवून दाखवलं तर बायको म्हणाली, "अहो, दोन आणि तीनमध्ये फरक काय?" फरक मलाही दिसत नव्हता, पण रेझिस्टन्स मीच निवडलेले असल्यामुळं मी आहे म्हणालो. डोळा बेरजेनं मोजत नाही, पटीनं मोजतो. आता ५६ ओहम, ६.८ ओहम आणि १ ओहम असे तीन लावतो. करंट अंदाजे २०, १४० आणि ६०० मिलीअँपिअर. दर टप्प्याला चार ते सात पट. आता शेंबडं पोरही ओळखतं. बारीक उजेड शंभर तासांवर चालतो, मधला सतरा-अठरा, मोठा चारेक तास, तोही शेवटी शेवटी पिवळट नव्हे पण मरगळलेला.

आता स्विच. वरचा एक ओहम लक्षात ठेवा, कारण सगळी गोम तिथं आहे. २३० व्होल्टच्या मोटारीला स्विचनं पाव व्होल्ट खाल्ला तर कुणाला पत्ता लागत नाही. इथं मुळात अर्ध्या-पाऊण व्होल्टचा खेळ. त्यात स्विचनं पाव खाल्ला की उजेड बसला.

सुरुवात सरकत्या स्विचनं केली. पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, चार घरांचा, म्हणजे चार जागी थांबणारा, मिळाला पंधरा रुपयांना. तीन घरांचा घेऊ नका, बंद धरला तर दोनच उजेड उरतात. लावायला सोपा, पाइपला चीर पाडली की झालं. पण चीर म्हणजे धुळीला दार. स्विच स्वतः किती व्होल्ट खातो ते बघायला मल्टिमीटर मिलीव्होल्टवर ठेवून, मोठ्या उजेडावर, स्विचच्या दोन टोकांना लावला. नवा असताना ३० मिलीव्होल्ट. कांद्याच्या चाळीत दोन महिने राहिल्यावर तोच १८०. म्हणजे मी एक ओहम लावलेला आणि स्विचनं न विचारता आपला पाऊण हिस्सा नव्हे, तरी तिसरा हिस्सा जोडून दिलेला. सरकवून पुढंमागं केला की थोडा वेळ ठीक, परत तेच.

त्याहून वाईट म्हणजे तो पिशवीत आपोआप सरकतो. एकदा चार दिवस मधल्या उजेडावर पिशवीतच चालू राहिला. काढला तर सेल २.४ व्होल्टवर. त्याखाली गेला नाही, कारण अडीचच्या आसपास एलईडीच करंट घेणं सोडतो, त्यात माझी हुशारी काही नाही. एवढा उतरलेला सेल परत चार्ज करून वापरण्याचा मोह असतो. मी तो भंगारात टाकला आणि तेव्हापासून संरक्षणाची पट्टी, म्हणजे सेल फार उतरला की आपोआप तोडणारी, असलेलेच सेल आणतो.

व्हॉल्यूमसारखा पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त होणारा रेझिस्टन्स, लावून बघा असं दोघातिघांनी सांगितलं, की हवा तेवढा उजेड करता येईल. शंभर ओहमचा कार्बनचा लावला. पाऊण फेरी फिरवून काही होत नाही, सगळा खेळ शेवटच्या नखाएवढ्या जागेत. आणि त्या नखाएवढ्या जागेतूनच सगळा करंट जातो. तिसऱ्या दिवशी पट्टी तिथंच जळाली, वासही आला. विषय संपला.

मग गोल फिरता छोटा स्विच, एक पोल बारा घरांचा, साठ रुपये. ही वस्तू हातात घेतली की बरं वाटतं. ३० अंशाला एक टक्, दांडी ६ मिलिमीटरची, मागं चांदीच्या रंगाच्या काड्या ओळीनं. दुकानदाराला विचारलं, "सहाशे मिलीअँपिअर चालेल ना?" तो म्हणाला, "काका, रेडिओला लावा, टीव्हीला लावा, कुठंही चालतो." डब्यावर ०.३ अँपिअर, म्हणजे निम्मंच, लिहिलेलं होतं. डबा त्याच्याच हातात होता.

तरी चालला, खोटं कशाला सांगू. २५ मिलीव्होल्टच्या वर कधी गेला नाही. त्यानं घात केला तो वेगळाच. या स्विचबरोबर नटाखाली एक वॉशर येतो, त्याला वाकडं केलेलं एक बारीक दातं असतं. ते दातं आकडे टाकलेल्या भोकात बसवलं की स्विच तेवढ्याच घरांपर्यंत फिरतो. मला चार पाहिजे होती : बंद, एक, दोन, तीन. मी तो वॉशर जादाचा समजून खोक्यात टाकला. मोटारीचे पन्नास वॉशर रोज हाताखालून जातात, त्यातला एक. त्या रात्री उसाजवळ काहीतरी खसफसलं आणि मी घाईनं मोठ्या उजेडाकडं फिरवला. टक्, टक्, टक्, आणि आणखी एक टक्. काळोख. पाचवं घर रिकामं. घाबरलेल्या माणसाचा हात पुढंच फिरवतो, मागं नाही. सहावं रिकामं, सातवं रिकामं. मी आठव्या घरापर्यंत गेलो असेन. खसफस कुत्र्याची होती हे नंतर कळलं.

वॉशर बसवल्यावर हा स्विच वाईट नाही. पण दांडी बारीक, नॉब बारीक, थंडीत बोटं आखडली की किंवा हाताला चिखल असला की निसटतो. घरात टेबलावर काही बनवायचं असेल तर हाच घ्या.

आणि मग ज्यासाठी हे लिहायला बसलो तो. मिक्सरचा स्विच माझ्या ड्रॉवरमध्ये कायम चार-सहा पडलेले असतात आणि मी पुण्याला जाऊन स्विच शोधत होतो. काखेत कळसा. सत्तर रुपयांना मिळतो, नॉब वेगळा पंधरा-वीस. अंगावर ६ अँपिअर, २५० व्होल्ट. मध्ये शून्य, उजवीकडं एक-दोन-तीन, डावीकडं तो झटक्याचा, ज्याला मिक्सरवर पी लिहिलेलं असतं. सोडला की स्प्रिंगनं परत शून्यावर येतो. मागं चार टोकं : एक लाइनचं, तीन स्पीडची. लाइनच्या टोकाला सेलचं प्लस, तीन टोकांना माझे तीन रेझिस्टन्स, तिन्हींची दुसरी बाजू एकत्र करून एलईडीला. पाच मिनिटांचं सोल्डरिंग. वेगवेगळ्या मेकची टोकं वेगवेगळ्या क्रमानं असतात, तेव्हा आधी मीटरच्या बीपवर तपासून घ्या.

पहिला लावला तो फुकटातला. गिऱ्हाइकाच्या मिक्सरमधून मोटार जळाली म्हणून सगळंच काढलेलं, त्यातला स्विच चालू होता. मिक्सरला लावला की मोटार झकास फिरे. बॅटरीला लावला तर उजेड थरथरतोय. टोकं घट्ट केली, सोल्डर परत मारलं, सेल बदलला, थरथर तीच. शेवटी स्विच फोडला. आतला पॉइंट, म्हणजे जिथं धातूला धातू टेकतो तो ठिपका, बोटाच्या पेरावर ठेवून उजेडात धरला. मसुराच्या डाळीच्या अर्ध्याएवढा, मध्ये खड्डा, भोवती काळं कडं. पॉलिश पेपर एकदाच फिरवला तर आत पांढरी चांदी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. २३० व्होल्टला तो काळा थर म्हणजे काहीच नाही, फोडून पलीकडं जातो, शिवाय दर वेळी बारीक ठिणगी पडून जागा साफ होते. ४ व्होल्टच्या अंगात तेवढा जीव नाही. तो थरापाशी अडतो. मिक्सरमध्ये पास झालेला स्विच बॅटरीत नापास होतो तो यामुळं. तेव्हापासून नवाच लावतो. नव्यावर ८ मिलीव्होल्ट. नऊ महिन्यांनी, परवा गुरुवारी बघितलं, ११.

एसीचा स्विच डीसीला चालत नाही, असं मला आयटीआय झालेल्या दोन पोरांनी सुनावलं. त्यांचं शिक्षण बरोबर आहे. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं, ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही, ओढली जाते. म्हणूनच सोलर पंपाच्या पॅनेलच्या वायरीत असला स्विच घातलात तर तो पेटेल, आणि बरोबर पेटीही. पण ठिणगी धरून राहायला दहा-बारा व्होल्ट तरी लागतात. माझ्याकडं चार आहेत. इथं भीती ठिणगीची नाही, वर सांगितलेल्या काळ्या थराची आहे.

बांधणी आमच्या हाताखाली जे असतं त्याची. ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, मागं एंड कॅप, तिच्या मधोमध भोक पाडून दोन स्क्रूंवर स्विच. नॉबखाली सायकलच्या ट्यूबची चकती, त्यावर ग्रीसचं बोट. पुढं एलईडी उघड्या पाइपमध्ये ठेवू नका, पीव्हीसी उष्णता सोडत नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा अॅल्युमिनियमचा ठोकळा कापून त्यावर बसवलाय. तेवढं करूनही मोठा उजेड सलग वीस मिनिटांवर ठेवला की पुढचा भाग चांगला कोमट होतो.

तक्रारी आहेत, आणि त्या लपवून मी स्विच विकायला बसलेलो नाही. एक तर बॅटरी जाड झाली. स्विचच एवढा रुंद की याहून बारीक पाइप चालत नाही. भावाच्या हातात मावते, माझ्या आईच्या नाही, आणि तिला तो स्विच एका हातानं फिरवताही येत नाही. मिक्सरवर ठीक, मिक्सर जड असतो आणि ओट्यावर बसलेला असतो. इथं एका हातानं पाइप धरून दुसऱ्यानं पिळावा लागतो. दुसरं, एकावरून दोनवर जाताना मध्ये निमिषभर अंधार होतो. स्विच आधीचं सोडून मगच पुढचं पकडतो, मिक्सरमध्ये तसंच पाहिजे, नाहीतर वाइंडिंगचे टप्पे एकमेकांना भिडतील. छोट्या गोल स्विचमध्ये आधी धरून मग सोडणारा प्रकार मिळतो, त्यात ही उघडझाप नसते. सवय होते, पण नव्या माणसाला वाटतं सेल सैल आहे, आणि तो बॅटरी मांडीवर आपटतो. तिसरं, स्वस्त नॉबचं आतलं भोक चार महिन्यांत गोल झालं आणि नॉब दांडीवर नुसता फिरायला लागला. आत पितळेची रिंग असलेला नॉब घ्या, दहा रुपये जास्त जातील.

ज्यांचा हात बारीक सोल्डरिंगला बसलेला आहे त्यांच्यासाठी आणखी एक रस्ता आहे. ७१३५ नावाची तीन पायांची चिप येते, ती ३५० मिलीअँपिअरवर करंट धरून ठेवते, सेल भरलेला असो की अर्धा. एक, दोन, तीन चिपा शेजारी लावायच्या आणि स्विचनं त्यांचा फक्त चालू करायचा पाय जोडायचा. त्या पायातून मिलीअँपिअरभरही जात नाही, मग वरचा ०.३ अँपिअरचा गोल स्विचही आनंदानं चालतो आणि मरगळलेल्या उजेडाची तक्रारही जाते. गावातल्या एका मास्तरांना तशी एक करून दिली आहे, सुरेख चालते. पण तीन उजेड एकसारख्या पायऱ्यांचे होतात, ३५०, ७००, १०५०, आणि तिथं परत बायकोचा प्रश्न येतो. शिवाय शेतात बिघडली तर दुरुस्त मलाच करावी लागणार. रेझिस्टन्सवाली कुणीही उघडून बघू शकतो.

मिक्सरच्या स्विचला माझ्याकडून पाचात चार. एक गुण आईच्या मनगटासाठी कापला.

आणि तो डावीकडचा झटका. सुरुवातीला मी ते घर फुकट गेलं असं धरून चाललो होतो. मग कळलं की माझ्या स्विचमध्ये ते तीन नंबरच्याच टोकाला जोडलेलं आहे, म्हणजे डावीकडं दाबून धरलं की पूर्ण उजेड, सोडला की बंद. आमचं खालचं रान ओढ्याकडं उतरतं, तिथं फोनला रेंज नाही. धाकटा भाऊ खाली दारं धरतो, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवतो, मी वर मोटारीपाशी. पूर्वी तो ओरडायचा, "दादाऽऽ", आणि मोटारीच्या आवाजात मला काही ऐकू यायचं नाही, मग तो चिडून वर चालत यायचा. आता एक चमक म्हणजे वाफा भरला, पुढचं दारं मोडतोय. दोन म्हणजे मोटार बंद कर. तीन अजून ठरलेलं नाही, पण परवा रात्री त्यानं तीनदा चमकवलं. मी धावत खाली गेलो तर म्हणाला, चहा आणलास का?